एमएस आणि लघवीचा त्रास: आधी मोजा, मग गोळी घ्या

दाराची कडी काढेपर्यंत दम निघत नाही, आणि आत जाऊन बसलं की पाच मिनिटं थेंब येत नाही. हे दोन्ही एकाच माणसाला, एकाच दिवशी होतं असं सांगितलं तर लोक हसतील. एमएस असलेले हसणार नाहीत.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे एमएस, या नसांच्या आजाराचं निदान होऊन अकरा वर्षं झाली. सुरुवात डोळ्यापासून झाली, मग पाय. डोळ्याचं आणि पायाचं सगळे विचारतात. लघवीचं मात्र मी दोन वर्षं कुणाजवळ काढलं नाही. दोन बाळंतपणं झालीत, बायकांना होतंच, असं स्वतःलाच समजावत राहिले. एमएसच्या दहांतल्या साधारण आठ जणांना कधी ना कधी हा त्रास होतो, हे फार उशिरा कळलं. पुरुषांनाही होतो, आणि ते बिचारे प्रोस्टेट समजून आणखी वर्षं घालवतात.

मी डॉक्टर नाही. गोळीचा डोस, नळीचा नंबर हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. मी फक्त रस्ता सांगते, खड्ड्यांसकट.

१. बिघाड पिशवीत नाही, निरोपात आहे

लघवीची पिशवी भरत आली की नसा मणक्यातून मेंदूला कळवतात. मेंदू ‘थांब’ म्हणतो किंवा ‘कर’ म्हणतो. एमएसमध्ये मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं मायलिनचं आवरण जागोजागी खराब होतं, मग हा निरोप उशिरा पोचतो, अर्धवट पोचतो किंवा पोचतच नाही. त्यातून तीन प्रकार होतात.

पहिला, पिशवी उतावीळ होते. थोडी भरली की आपोआप आवळते, घाई होते, कपडे ओले होतात. दुसरा, पिशवी सुस्त होते. भरते, पण नीट आवळत नाही, लघवी साचून राहते. तिसरा सगळ्यात त्रासदायक: पिशवी आवळते त्याच क्षणी खालचा स्नायूही आवळून दार बंद करतो. एकाच माणसाला यातले दोन असू शकतात.

फसगत इथेच होते. साचलेली लघवी असली तरी घाई होते, आणि पिशवी उतावीळ असली तरी घाईच होते. आतून दोन्ही सारखंच वाटतं. मला घाई होते म्हटल्यावर एका डॉक्टरांनी सोनोग्राफी न करता घाई थांबवणारी गोळी लिहून दिली. आठवडाभर बरं वाटलं. मग ओटीपोट दगडासारखं झालं आणि थंडी वाजून ताप आला. तपासलं तर लघवी करून आल्यावरही पिशवीत ३८० मिली शिल्लक. आधीच न आवळणाऱ्या पिशवीला गोळीने आणखी सैल केलं होतं. तेव्हापासून माझं एकच म्हणणं असतं: किती उरते ते मोजल्याशिवाय घाईची गोळी सुरू करू नका.

२. तीन दिवसांची वही

डॉक्टरांकडे जाण्याआधी सलग तीन दिवस वही लिहा. मापाच्या रेघा असलेला अर्ध्या किंवा एक लिटरचा प्लास्टिकचा मग भांड्यांच्या दुकानात मिळतो. त्यावर मार्करने मोठ्या अक्षरात नाव घाला. आमच्या जाऊबाईंनी एकदा त्यात ताक मोजलं होतं, तेव्हापासून घरात तो विषय निघाला की सगळे ताक सोडून चहा मागतात.

लिहायचं एवढंच: किती वाजता, काय आणि किती प्यायले, किती मिली लघवी झाली, घाई किती होती, कपडे ओले झाले का, रात्री कितीदा उठले. माझ्या वहीतली एक सकाळ अशी होती: ६.१० ला १८० मिली, ६.५० ला ६०, ७.२० ला ४०, घाई तिन्ही वेळा जोरात. सव्वा तासात तीनदा जाऊन २८० मिली. ही तीन ओळींची नोंद बघून डॉक्टर म्हणाले, “पिशवी पूर्ण रिकामी होत नाही असं दिसतंय, आधी स्कॅन करू.” तोंडी मी त्यांना अर्धा तास सांगितलं असतं तरी एवढं कळलं नसतं.

३. तपासण्या, आणि सोनोग्राफीतली चूक

साधारणपणे लघवीची साधी तपासणी, गरज पडल्यास कल्चर (लघवीत कुठले जंतू वाढतात ते बघतात), किडनीचं काम कळायला रक्तातलं क्रिएटिनिन, आणि किडनी व पिशवीची सोनोग्राफी सांगतात. सोनोग्राफीत महत्त्वाचा आकडा म्हणजे लघवी करून आल्यावर उरलेली लघवी, ‘पोस्ट व्हॉइड रेसिड्यू’. तिकडे पीव्हीआर म्हणतात.

सेंटरवर सांगतात, “दोन बाटल्या पाणी पिऊन बसा, दाबून धरा.” मग नंबर यायला दीड तास. पिशवी तट्ट फुगते, बाहेर रांग लागलेली असते, आपण घाईघाईत अर्धीमुर्धी करून येतो आणि आकडा उगाच मोठा येतो. किंवा उलट होतं: करून आल्यावर पुन्हा वीस मिनिटं बाकावर बसवतात, तोवर नवीन लघवी भरते. म्हणून नेहमीसारखी लागली असताना जा, निवांत करा, आणि लगेच टेबलावर घ्यायला सांगा. रिपोर्टमध्ये ‘थोडी शिल्लक’ असं मोघम नको, मिलीमध्ये आकडा मागून घ्या. शंका असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. १०० मिलीच्या आसपास डॉक्टर सहसा रेघ ओढतात: त्याखाली असेल तर घाईच्या गोळ्यांचा विचार, सतत त्याच्यावर असेल तर रिकामी करण्याचा.

गुंता असेल तर युरोडायनॅमिक्स करतात. बारीक नळ्यांनी पिशवीत सलाइन भरत दाब मोजतात. लाज वाटते, थोडं झोंबतं, पण साधारण तासाभराचं काम आहे. लघवीत इन्फेक्शन असेल तर ही तपासणी पुढे ढकलतात, म्हणून आधीच लघवी तपासून जा, नाहीतर फेरी फुकट.

४. कुठे जायचं, पिशवीत काय न्यायचं

बेळगावात जिल्हा रुग्णालय म्हणजे बिम्स, आणि नेहरूनगरचं केएलईचं हॉस्पिटल. निपाणी-चिकोडीकडच्यांना कोल्हापूर, मिरज जवळ पडतं. खानापूरकडचे काही जण हुबळीला, काही गोव्यात बांबोळीला जातात. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये न्यूरो-पुनर्वसनाचा वेगळा विभाग आहे, पण ते पाचशे किलोमीटरवर. पहिलं पाऊल तिथे टाकायची गरज नाही. युरोडायनॅमिक्स होतं का आणि कुठल्या वारी होतं, हे निघण्याआधी फोनवर विचारा.

न्यूरोलॉजिस्ट एमएस बघतात, युरोलॉजिस्ट पिशवी. दोघं एकमेकांशी बोलतील या भरवशावर राहू नका. निरोप्या आपणच असतो. सोबत हे न्या:

- एमआरआयचा रिपोर्ट आणि सीडी, मज्जारज्जूचा असेल तर तोही
- न्यूरोलॉजिस्टची चिठ्ठी, एमएसची चालू औषधं
- सगळ्या गोळ्यांची यादी, बीपी आणि मधुमेहाच्याही
- तीन दिवसांची वही, जुने कल्चर रिपोर्ट
- आधार, रेशन कार्ड, असल्यास यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र
- एक जादा सलवार किंवा पँट, पॅड, काळी पिशवी

शेवटची ओळ विसरू नका. बाकी कागद विसरले तर परत आणता येतात.

५. पाणी तोडू नका

आमच्याकडे पहिला सल्ला हाच मिळतो. “अक्का, पाणी कमी पी बघ, कशाला जायला लागेल?” मीही बेळगावला जायचं असलं की सकाळपासून घोटभर पाणी प्यायची नाही. लघवी गडद झाली, जळजळ वाढली, संडासला खडे झाले, घाई आहे तिथेच. दाट लघवी पिशवीला आणखी डिवचते. दिवसभरात दीड ते दोन लिटर, थोडं थोडं प्या (किडनीचा किंवा हृदयाचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच) आणि झोपण्याआधी दोन-तीन तास हात आखडता घ्या.

कमी करायचा तो चहा. आमच्या घरी दिवसाला सहा कप व्हायचे. दोनवर आणल्यावर आठवड्यात फरक दिसला. कॉफी आणि बाटलीतली कोल्ड्रिंक्सही तशीच.

पोट साफ नसेल तर पिशवीला जागा राहत नाही, त्यामुळे बद्धकोष्ठता आधी सोडवा. आणि पायाला सूज येत असेल तर दुपारी तासभर पाय उंचावर ठेवून पडा. दिवसभर पायात साचलेलं पाणी नाहीतर रात्री झोपल्यावर पिशवीत येतं.

६. घाई आली तर धावू नका

धावलं की सांडतं, आणि एमएसचे पाय धावतातही कुठे. जागच्या जागी थांबा, शक्य असेल तर बसा, वारा रोखून धरताना आवळतो ते खालचे स्नायू पाच-सहा वेळा पटापट आवळा, कळ ओसरू द्या, मग चालत जा. पंधरा दिवस सवय करावी लागते. घाई येण्याआधीच दर दोन-तीन तासांनी जाणं हाही उपाय आहे. उठण्याआधी मिनिटभर थांबून पुन्हा प्रयत्न केला तर उरलेली थोडी निघते. पण पोट दाबून, कुंथून काढू नका.

आमचं जुनं संडास परसात आहे. पावसाळ्यात रात्री बॅटरी घेऊन जाताना मी दोनदा घसरले. मग खाटेजवळ कमोडची खुर्ची ठेवली. चार दिवस लाज वाटली, पाचव्या दिवशी सासूबाई विचारायला लागल्या, “ती खुर्ची मी पण वापरू काय गं?”

७. गोळ्या आणि त्यांच्या पुढचं

उतावीळ पिशवीसाठी सॉलिफेनासिन, टॉल्टेरोडिन, ऑक्सिब्युटिनिन या घराण्यातल्या गोळ्या देतात. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते, नजर धूसर होते. म्हाताऱ्या माणसांना भ्रमिष्टपणाही येऊ शकतो. काचबिंदू असेल तर आधी सांगा. मिराबेग्रॉन वेगळ्या पद्धतीने काम करते, तोंड तेवढं कोरडं पडत नाही, पण बीपी बघत राहावं लागतं. गोळीचा परिणाम कळायला चार आठवडे द्या, आणि सुरू केल्यावर उरलेली लघवी पुन्हा मोजा.

रात्रीसाठी डेस्मोप्रेसिन असतं. ते मनाने घेऊ नका. त्यात रक्तातलं सोडियम घसरू शकतं, ते तपासावं लागतं, आणि गोळी घेतल्यावर पाणी पिणं आवरावं लागतं. गोळ्या लागू पडल्या नाहीत तर दुर्बिणीतून पिशवीच्या भिंतीत बोटॉक्सची इंजेक्शनं देतात, एमएसमध्ये सहसा २०० युनिट. परिणाम काही महिने टिकतो. मात्र त्यानंतर काही जणांची लघवी अडते, म्हणून नळी घालायची तयारी असेल तरच होकार द्या.

८. नळी: भीती जास्त, काम कमी

लघवी साचत असेल तर दिवसातून ठरावीक वेळा स्वतः बारीक नळी घालून पिशवी रिकामी करायची आणि नळी लगेच काढून टाकायची. याला सीआयसी म्हणतात. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनच्या जॅक लॅपिडीस या डॉक्टरांनी मांडलं की त्यासाठी ऑपरेशन थिएटरसारखं निर्जंतुक वातावरण लागत नाही, स्वच्छ हात आणि स्वच्छ नळी पुरते. साचून ताणलेली पिशवी जास्त घातक.

मेडिकलमध्ये गेलात की ‘नेलाटन कॅथेटर’ असं नाव घेऊन मागा. नुसतं ‘युरिनची नळी द्या’ म्हटलं तर फोली देतात. फोलीला टोकाजवळ फुगा असतो, ती आत ठेवायची नळी, आपल्या कामाची नाही. मी पहिल्या महिन्यात दहा फोली घेऊन घरी आले होते. नंबर डॉक्टर लिहून देतात, मोठ्यांना बहुतेक १२ किंवा १४. गावाकडच्या दुकानात त्या नेहमी नसतात, महिन्याच्या एकदम घ्या.

पहिल्यांदा नर्सकडून शिका. पुस्तक वाचून किंवा माझा लेख वाचून नको. क्रम साधारण असा असतो:

- साबणाने हात धुवा. खालची जागा साध्या पाण्याने, बायकांनी पुढून मागे.
- आधी स्वतःहून होते तेवढी करून घ्या.
- नळीच्या टोकाला जेली लावा.
- बायकांनी सुरुवातीला पायांमध्ये आरसा ठेवावा. मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा असतो. पुरुषांचा लांब, म्हणून लिंग वर उचलून धरतात आणि नळी हळूहळू सरकवतात.
- अडली तर जोर लावू नका. थांबा, लांब श्वास घ्या, एकदा खोका.
- धार थांबली की नळी सावकाश बाहेर काढा, मध्येच पुन्हा धार आली तर तिथेच थांबा.

माझी नळी पहिले तीन दिवस चुकीच्या जागी, योनीत जायची. धार येईना, मी रडकुंडीला. नर्सबाईंनी युक्ती सांगितली: चुकलेली नळी काढू नका, तिथेच राहू द्या, आणि दुसरी नवीन नळी तिच्या वरच्या बाजूला लावा. चौथ्या दिवशी स्टीलच्या भांड्यात टणटण आवाज आला तेव्हा बाहेर उभ्या असलेल्या नवऱ्याने विचारलं, “झालं?” त्या एका शब्दाला उत्तर द्यायला मला तीन दिवस लागले होते. आता चार मिनिटांत होतं.

किती वेळा घालायची हे उरणाऱ्या लघवीवर ठरतं, कुणाला दिवसातून एकदा, कुणाला दर चार-सहा तासांनी. एका वेळी ४०० ते ५०० मिलीच्या वर साचू देऊ नये. पाकिटावर ‘एकदाच वापरा’ लिहिलेलं असतं. खर्चामुळे आपल्याकडे बरेच जण धुऊन वापरतात. तसं करायचं असेल तर कशी धुवायची, कुठे सुकवायची, किती दिवसांनी टाकायची हे डॉक्टरांना उघड विचारा. हात थरथरत असतील किंवा नजर कमी असेल तर घरातलं दुसरं माणूसही शिकू शकतं.

९. इन्फेक्शन की अटॅक?

एमएसमध्ये लघवीचं इन्फेक्शन झालं की नेहमी जळजळ होतेच असं नाही. कधी एका दिवसात पाय जड होतात, कडकपणा वाढतो, चालताना तोल जातो. अंगात उष्णता वाढली की खराब नसांतून निरोप आणखी मंद जातात, आणि आपल्याला वाटतं एमएसचा नवीन अटॅक आला. स्टिरॉइडचं सलाइन लावण्याआधी लघवी तपासायला सांगा.

कल्चरचा नमुना अँटिबायोटिक सुरू करण्याआधी द्या. सुरुवातीची धार सोडून मधली घ्या, डबी लॅबमधून आणा. खेड्यातून सकाळची डबी नवऱ्याच्या हाती देऊन तो दूध घालून, दोन कामं करून दुपारी बेळगावला पोचला तर त्या नमुन्यात वाटेतच जंतू वाढलेले असतात. दोन तासांच्या आत पोचवा, नाहीतर लॅबमध्ये जाऊनच द्या. नळी वापरणाऱ्यांच्या लघवीत त्रास नसताना जंतू सापडणं नेहमीचं आहे. नुसत्या रिपोर्टसाठी गोळ्या खात बसू नका. पानफुटीचा रस, धन्याचं पाणी यांनी इन्फेक्शन जात नाही.

थंडी वाजून ताप, कमरेच्या बाजूला दुखणं, लघवीत रक्त, किंवा ओटीपोट फुगून सहा-आठ तास लघवीच न होणं, यांत सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा.

१०. कागद

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरॉसिस नाव घेऊन आहे. यूडीआयडी कार्डासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून सरकारी हॉस्पिटलच्या तपासणीला जावं लागतं. कार्ड देशभर चालतं, म्हणजे कोल्हापुरात उपचार घेतले तरी. तिथल्या डॉक्टरांच्या बोर्डापुढे चालत गेलात की “तुम्हाला काय झालंय?” असं विचारतात, लघवीचा त्रास दिसत नाही, म्हणून युरोडायनॅमिक्सचा आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट वर ठेवा. ४० टक्के किंवा जास्त आलं तर पेन्शनचा अर्ज नाडकचेरीत, म्हणजे तालुक्याखालच्या महसूल कचेरीत. अर्ज कन्नडमध्ये असतो. ग्रामपंचायतीत दिव्यांगांसाठीचा कार्यकर्ता, व्हीआरडब्ल्यू, असतो, त्याला गाठा. आणि नावाचं स्पेलिंग सगळीकडे एक आहे का बघा. आधारवर एक, रेशन कार्डावर एक, मराठी शाळेच्या दाखल्यावर तिसरंच. माझे चार महिने तिथेच गेले.

११. प्रवास

११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना साध्या सरकारी बसला तिकीट नाही, त्यामुळे सगळ्या बसकडे धावतो. पण फुकटच्या बसमध्ये संडास नसतो. खानापूरहून बेळगाव, हुबळी, बेंगळुरू, जिथे रेल्वे जाते तिथे रेल्वेच धरा, आणि डब्यात संडासजवळची जागा.

बस घ्यावीच लागली तर कंडक्टरजवळ बसा आणि चढतानाच सांगून ठेवा. कन्नड येत नसेल तर एवढं पाठ करा: ‘स्वल्प गाडी निल्लसरी, अर्जंट ऐती.’ म्हणजे, जरा गाडी थांबवा, अर्जंट आहे. मागच्या उन्हाळ्यात हुबळीहून येताना मी हे पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं. पेट्रोल पंपावर गाडी थांबली, मागून कुणीतरी कुरकुरलं. मी मान खाली घालून उतरले, नळीची पिशवी पदराखाली धरून आत गेले. बाहेर आले तर दाराशी आणखी चार बायका रांगेत उभ्या होत्या, आणि त्यातली पहिली मला म्हणाली, “बरं झालं ओ, तुम्ही तरी बोललात.”